‘स्टारशिप ट्रूपर्स’वरची मतं गोळा करताना : कामाच्या नोंदी

7 जानेवारी

आज कामाला हात घातला. रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या 1959 सालच्या कादंबरीवर वाचकांची मतं गोळा करायची, नीट लावायची आणि त्यांची एक छोटी पुस्तिका करायची. कादंबरी भविष्यातली: किड्यांसारख्या परग्रहवासीयांशी युद्ध चाललंय आणि फौजेत भरती झालेला रिको हा तरुण ते सांगतो. पुढे कुठलं वाचनमंडळ ही कादंबरी घेऊन बसलं तर त्यांना पुस्तिका वापरता येईल. असंच काम दुसऱ्या पुस्तकावर करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतेय. जे चुकेल तेही लिहीन.

निमित्त घरचंच. माझ्या दोन मैत्रिणींनी ही कादंबरी एकाच महिन्यात वाचली. एक म्हणाली, हा सरळसरळ फॅसिझमचा प्रचार आहे. दुसरी म्हणाली, कर्तव्य म्हणजे काय हे मला आजवर कुणी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं नव्हतं. दोघी मन लावून वाचणाऱ्या, दोघींनी पुस्तक पुरं केलेलं. तासभर वाद झाला आणि शेवटी दोघी गप्प बसल्या. ते गप्प बसणं मला सहन झालं नाही.

हे भांडण पुस्तकाइतकंच जुनं आहे. हाइनलाइनची किशोरांसाठीची पुस्तकं वर्षानुवर्षं काढणाऱ्या स्क्रिब्नर्सने हे हस्तलिखित नाकारलं. मग ते पटनम्सने छापलं, आणि 1960 साली त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. एकाने परत पाठवलेलं पुस्तक दुसरीकडे डोक्यावर घेतलं गेलं.

बेत असा: 22 वाचक, आठ प्रश्नांचा एक फॉर्म, सहा आठवडे. अंदाजे 40 तास.

11 जानेवारी

फॉर्म पाठवला. पहिला प्रश्न पाचपैकी गुण द्या. दुसरा, पुस्तक युद्धाचं समर्थन करतं का. तिसरा, पुस्तक फॅसिस्ट वाटतं का. बाकीचे पात्रं, भाषा, शेवट असे नेहमीचे. फॉर्म करायला दीड तास लागला आणि तेव्हा मला तो चांगला वाटला होता.

19 जानेवारी

19 फॉर्म परत आले. रात्री स्प्रेडशीट उघडून बसले आणि तासाभरात कळलं की हे काम पहिल्यापासून करावं लागणार.

गुणांची सरासरी 3.16 आली. आता नीट बघा: आठ जणांनी 5 दिले, दोघांनी 4, तिघांनी 2 आणि सहा जणांनी 1. तीन गुण कुणीच दिले नाहीत. म्हणजे सरासरी जिथे येते तिथे एकही वाचक उभा नाही. ‘पुस्तक ठीकठाक आहे’ असं हा आकडा सांगतो, आणि हे पुस्तक ठीकठाक आहे असं 19 पैकी एकाचंही म्हणणं नाही.

तिसऱ्या प्रश्नाने जास्त घात केला. ‘फॅसिस्ट वाटतं का’ असं विचारल्यावर लोक एक तर ‘हो’ म्हणून त्याचे पुरावे देत बसले, नाही तर ‘नाही’ म्हणून पुस्तकाची वकिली करत बसले. वाचताना त्यांना काय झालं ते कुणीच लिहिलं नाही. शब्द माझा होता, तो मी त्यांच्या तोंडात घातला. चूक पूर्ण माझी.

20 जानेवारी

कालचे फॉर्म पुन्हा वाचताना दुसरी गडबड सापडली. पाच उत्तरं कादंबरीबद्दल नाहीतच, 1997 सालच्या पॉल व्हरहोवेनच्या चित्रपटाबद्दल आहेत. एकाने डिझी फ्लोरेस या ‘मुलीच्या’ मरणावर फार हळवं होऊन लिहिलंय. कादंबरीत फ्लोरेस पुरुष आहे आणि पहिल्या प्रकरणातच जातो. दुसऱ्याने विचारलंय की एवढ्या पुढारलेल्या जगात सैनिक नुसत्या बंदुका घेऊन किड्यांसमोर कसे जातात. कादंबरीतल्या सैनिकाच्या अंगावर टनभर वजनाचं यांत्रिक चिलखत असतं, त्याच्या जोरावर तो घरांवरून उड्या मारतो. ते चिलखत काढलं तर अर्धी कादंबरी उरत नाही.

ज्यांची मतं चित्रपटावरून बनली त्यांना मी दोष देत नाही. खुद्द व्हरहोवेनने सांगितलंय की दोनेक प्रकरणांनंतर त्याने पुस्तक सोडून दिलं होतं. पण माझ्या कामात ही दोन्ही एकत्र आली तर पुस्तिका कुचकामी ठरेल. ती पाच उत्तरं वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवली.

23 जानेवारी

पुस्तक खरंच वाचलंय का हे ताडायला दहा प्रश्नांची चाचणी केली: अंतराळयानाचं नाव, प्रशिक्षण छावणीचं नाव, सार्जंटचं नाव वगैरे. वाईट कल्पना. एका गृहस्थांनी कादंबरी अकरा वर्षांपूर्वी वाचलेली, त्यांना तीनच उत्तरं आली. फोनवर म्हणाले, “परीक्षा द्यायची असती तर आधी सांगायचंत, मी यातून बाहेर पडतो.” त्यांची समजूत काढायला अर्धा तास लागला. चूक कबूल केली आणि चाचणी रद्द केली.

आता एकच विनंती ठेवलीय: पहिल्या प्रकरणात काय घडतं ते दोन-तीन वाक्यांत, आठवेल तसं सांगा. ज्याने वाचलंय त्याला यानातून ग्रहावर उडी मारण्याआधी निवेदकाच्या अंगाला सुटणारा थरकाप आठवतोच. बाकी विसरला तरी एवढं राहतं. हा उपाय शंभर टक्के चालला.

पाच जणांना मूळ पुस्तक वाचायची विनंती केली. चौघे तयार झाले. म्हणजे आता 18 वाचक.

28 जानेवारी

नवी पद्धत. फॉर्म नाही, गुण नाहीत. प्रत्येकाला तीन कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. एक जिथे वाचता वाचता थांबलात तिथे ठेवायची, एक जिथे राग आला तिथे, आणि एक जिथे मागे जाऊन पुन्हा वाचावंसं वाटलं तिथे. चिठ्ठीवर लिहायचं असेल तर लिहा, नाहीतर कोरी ठेवा.

कल्पना माझी नाही. सुरुवातीच्या वादात फॅसिझम म्हणणाऱ्या त्या मैत्रिणीनेच तिची प्रत मला दिली होती. तिच्यात बसच्या तिकिटाचा एक तुकडा खोचलेला दिसला. उघडलं तर भरतीचा प्रसंग. वैद्यकीय तपासणी करणारा डॉक्टर तरुण रिकोला सांगतो की एखादा आंधळा माणूस चाकाच्या खुर्चीत बसून आला आणि सेवा करायचीच म्हणाला तरी त्याला काहीतरी काम शोधून द्यावं लागेल. मग सुरवंटाच्या अंगावरचे केस हाताने चाचपून मोजण्यासारखं का असेना. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘हे खरं असेल तर मी म्हणते ते चुकतंय.’ पुढे मोठं प्रश्नचिन्ह. वादाच्या त्या तासाभरात ती यातलं एक अक्षर बोलली नव्हती.

त्या तुकड्याने मला शिकवलं की विचारायचं काय. मत विचारलं की माणूस निकाल देतो. जागा विचारली की तो पान उघडतो.

2 फेब्रुवारी

चिठ्ठ्या यायला लागल्या आणि नवी अडचण. 18 वाचकांकडे निदान सहा वेगवेगळ्या आवृत्त्या, काहींकडे मोबाइलवर. एकाचं पान 87 म्हणजे दुसऱ्याचं 112, आणि मोबाइलवाल्याकडे पानच नाही. मी सगळे पानांचे आकडे एका कॉलममध्ये घालून बसले होते. दोन संध्याकाळी वाया, सुमारे सात तास.

प्रकरणांवर जावं तर एकूण 14 प्रकरणं, त्यांना नावं नाहीत, आणि शेवटाकडची काही फारच लांब. शेवटी ठरवलं: प्रकरणाचा आकडा आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द. सगळ्यांना पुन्हा निरोप गेला. दोघांनी कुरकुर केली, पण केलं. हे काम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी हा नियम घालावा. नंतर घातला की प्रत्येक नोंद दोनदा हाताळावी लागते.

9 फेब्रुवारी

पहिली बैठक, सात जण. मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवून रेकॉर्डिंग केलं. पंखा डोक्यावरच होता. घरी येऊन ऐकलं तर पंख्याची घरघर पुढे आणि माणसं मागे. दोघं एकदम बोलली की काहीच लागत नाही. 40 मिनिटांच्या बोलण्याचा मजकूर उतरवायला तीन तास लागले आणि तरी अधूनमधून गाळलेल्या जागा राहिल्या.

त्याहून मोठा तोटा दुसरा. आमच्यात एक काका आहेत, लष्करातून निवृत्त. बैठकभर ते एक शब्द बोलले नाहीत. बाकीचे शिस्त, शिक्षा, हुकूम यावर भरभरून बोलत होते. निघताना जिन्यात मी विचारलं, “काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत?” तर म्हणाले, “सगळे फटक्यांबद्दल बोलताहेत. कॅप्टन आणि सार्जंट नंतर काय बोलतात ते कुणी वाचलंच नाही का?” आणि मग जिन्यातच दहा मिनिटं बोलले. त्या संध्याकाळी ऐकलेलं ते सगळ्यात मोलाचं बोलणं, आणि मोबाइल माझ्या पिशवीत, बंद.

आता ठरवलंय: गटात बसायचं ते फक्त ओळख व्हावी म्हणून. नोंद घ्यायची ती एकेकट्याला भेटून.

15 फेब्रुवारी

काकांकडे गेले. दीड तास बसले. ही नोंद लांब होणार, कारण पुस्तकावरच्या निम्म्या वादाचं मूळ या प्रसंगात आहे.

प्रसंग असा. हेंड्रिक नावाचा नवशिका. जागचं हलू नका असा हुकूम असताना तो हलतो, सार्जंट झिम त्याला पाडतो आणि हा उठून झिमला ठोसा मारतो. झिम वरिष्ठांना ते सांगत नाही. कॅप्टन फ्रँकेलसमोर प्रकरण येतं ते फक्त हुकूम मोडल्याचं, आणि साध्या शिक्षेवर मिटायच्या बेतात असतं. तेवढ्यात हेंड्रिक स्वतःच बोलून जातो की मी सार्जंटला मारलं. एकदा ते उघड झालं की कॅप्टनच्या हाती काही राहत नाही. या गुन्ह्याला फाशीपर्यंत शिक्षा आहे. हेंड्रिकला दहा फटके बसतात आणि फौजेतून काढून टाकलं जातं.

18 पैकी 11 जणांची ‘राग आला’ची चिठ्ठी इथे होती. एका मुलाने लिहिलंय, ‘फटक्यांच्या वेळी मी पुस्तक खाली ठेवलं आणि पाणी प्यायलो.’ एका बाईंनी नुसतं ‘का?’ लिहून खाली तीन रेघा ओढल्यात.

काकांची एकही चिठ्ठी तिथे नव्हती. त्यांची चिठ्ठी पुढे, जिथे कॅप्टन आणि झिम आपापसात बोलतात आणि रिकोच्या कानावर ते पडतं. काकांनी पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. कडेने बोट फिरवत म्हणाले, “हे बघ. कॅप्टन पोराला दोष देत नाही. झिमला देतो. म्हणतो, तो हात उचलणार हे तुला आधी दिसायला हवं होतं. तू ठोसा लागू दिलासच कसा? पोरगं गेलं ते तुझ्या चुकीने. आणि झिम ते ऐकून घेतो, वर बदली मागतो.”

मी म्हटलं, “पण काका, फटके तर पोरालाच बसले ना?”

ते जरा थांबले. “हो. तेच तर. ज्याच्या चुकीने झालं त्याच्या अंगावर वळ नाही. हे लेखकाला माहीत आहे, म्हणून त्याने ते बोलणं तिथे ठेवलंय. मला हा भाग वाचताना झोप लागली नाही. मीही पोरं शिकवलीयत.”

त्यांना फटक्यांची शिक्षा मान्य आहे का, हे मी मुद्दाम विचारलं. “नाही,” ते म्हणाले. “मला मान्य नाही. पण ज्याने हे लिहिलं त्याला शिकवणाऱ्याचं ओझं माहीत होतं.” कादंबरीची अर्पणपत्रिका त्यांनीच मला दाखवली: हाइनलाइनने हे पुस्तक एका सार्जंटला आणि पोरांची माणसं करण्यासाठी खपलेल्या सगळ्या सार्जंटांना अर्पण केलंय. तो स्वतः अमेरिकी नौदल अकादमीतून 1929 साली बाहेर पडलेला अधिकारी. क्षयरोगामुळे 1934 साली त्याला नौदल सोडावं लागलं. ज्या ठिकाणी राहायला मिळालं नाही तिथलं हे प्रेम आहे, असं काकांचं म्हणणं. मला ते पटलं.

पहिल्या फॉर्मवर काकांनी 5 गुण दिले होते. त्या पाचात हे सगळं कुठे होतं?

24 फेब्रुवारी

आठवडाभराचं काम नासलं, आणि नासवलं मी.

मतदानाचा मुद्दा. कादंबरीतल्या जगात मताचा हक्क फक्त त्यांना, ज्यांनी निदान दोन वर्षं संघराज्याची सेवा पुरी केली. सेवेत असताना मत नाही, ती संपल्यावर. हा तपशील निम्म्या वाचकांच्या नजरेतून सुटला होता. ते समजत होते की सैनिकांचं राज्य आहे. वाद असा की ही ‘सेवा’ म्हणजे फौजच, की इतरही काम? डॉक्टरच्या त्या बोलण्यावरून वाटतं की इतरही असावं. पण गोष्टीत आपल्याला जवळजवळ फक्त फौजच दिसते.

1980 साली हाइनलाइनने स्वतः लिहिलं की या सेवेतले वीसपैकी एकोणीस लोक लष्करी नव्हेत आणि हे कादंबरीत स्पष्ट म्हटलंय. मी उत्साहाच्या भरात हे विधान सहा वाचकांना आधीच पाठवलं आणि मग त्यांचं मत विचारलं. सहाही जणांनी तेच परत सांगितलं, थोड्याफार फरकाने. लेखकाचं म्हणणं हातात आल्यावर कोण कशाला पान उघडेल? सहाही उत्तरं बाजूला काढली.

मग दोन दिवस पेन्सिल घेऊन अख्खं पुस्तक पुन्हा वाचलं, फक्त हा मुद्दा शोधत. एकोणीस-वीसचा आकडा मला कुठेही सापडला नाही. डॉक्टरचं बोलणं आहे, रिकोची पायलट होणारी मैत्रीण कार्मेन आहे, प्लूटोवरच्या संशोधन केंद्रात गेलेला आणि तिथेच मेलेला त्याचा मित्र कार्ल आहे. फौजेबाहेरच्या सेवेच्या खुणा आहेत, पण ‘स्पष्ट’ म्हणावं असं काही नाही. लेखकाला त्याच्या मनातलं पुस्तक आठवत होतं. आपल्या हातात छापलेलं आहे.

बाकीच्या 12 जणांना आता असं विचारलं: आधी पुस्तकावरून सांगा, मग मी लेखकाचं म्हणणं दाखवते, मग पुन्हा सांगा. दोन्ही उत्तरं छापायची. चौघांचं मत बदललं, आठ जण आपल्या जागी राहिले. त्यातली एक म्हणाली, “त्याने वीस वर्षांनी काय सांगितलं याचा मला काय उपयोग? मला कळायला हवं होतं वाचताना.” हे वाक्य पुस्तिकेत जाणार.

मार्च 3

वर्गवारी. आतापर्यंत 31 लेबलं झाली होती: ‘युद्धसमर्थक’, ‘युद्धविरोधी’, ‘राजकीय आक्षेप’, ‘शिस्तीचं कौतुक’ अशी. एका दुपारी त्या सगळ्यांवर काट मारली.

कारण एक नोंद. एका शिक्षिकेची. तिची रागाची चिठ्ठी आणि पुन्हा वाचण्याची चिठ्ठी एकाच पानावर. शाळेतले नीतिशास्त्र शिकवणारे श्री. द्युब्वा, निवृत्त लेफ्टनंट कर्नल, कुत्र्याच्या पिल्लाचं उदाहरण देऊन सांगतात की शिक्षेशिवाय शिकवणं नसतं. ती म्हणते, “हे मला घृणास्पद वाटतं. आणि हे मी वर्गात वाचून दाखवणार आहे, कारण माझी मुलं याच्याशी भांडतील आणि त्यांना भांडायला याच्यापेक्षा चांगला माणूस मिळणार नाही.” हिला कुठल्या लेबलाखाली घालू?

आता नऊ जागा आहेत आणि प्रत्येक मत त्या जागेखाली: पहिली उडी, भरतीचा डॉक्टर, हेंड्रिकचे फटके, कॅप्टन-सार्जंटचं बोलणं, झिमचं सुरीबद्दलचं उत्तर, पिल्लाचं उदाहरण, आई मेल्याची बातमी, जहाजाच्या नावावरची चर्चा, वडील. समर्थक आणि विरोधक एकाच पानावर शेजारी शेजारी येतात आणि एकमेकांच्या बोलण्याला आपोआप उत्तर देतात. या फेरबदलाला 14 तास लागले. त्यातला एकही वाया गेला असं वाटत नाही.

सुरीच्या जागेबद्दल दोन शब्द. एक नवशिका विचारतो की अणुबॉम्बच्या काळात सुरी फेकायला कशाला शिकायचं. झिमचं उत्तर असं की तान्ह्या मुलाला वळण लावायला तुम्ही त्याचं डोकं उडवाल का. युद्ध म्हणजे नुसती मारामारी नव्हे, हेतूसाठी मोजून वापरलेला हिंसाचार. पुस्तक आवडलेल्या दहापैकी सात जणांची चिठ्ठी इथे. आणि पुस्तक न आवडलेल्यांपैकी एकाचीही इथे नाही, ना रागाची ना कसलीच. त्यांनी हा परिच्छेद वाचलाच नसावा अशी शंका होती. फोन करून विचारलं. वाचला होता, पटला होता, म्हणून थांबले नव्हते.

10 मार्च

जहाजाच्या नावाची जागा. शेवटाकडे रिको फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष रामोन मॅग्सेसे यांचं नाव सुचवतो आणि ओघात कळतं की घरी तो टागालोग बोलतो. तोपर्यंत बहुतेकांनी त्याला गोराच मानलेलं असतं. मॅग्सेसे 1957 साली विमान अपघातात गेले, म्हणजे पुस्तकाच्या फक्त दोन वर्षं आधी. वाचकाला ते नाव तेव्हा ताजं होतं, आज कुणी थबकत नाही.

18 पैकी फक्त पाच जणांना हे लक्षात आलं होतं. उरलेल्यांना मी तो उतारा दाखवला. एका तरुणाने पुस्तक पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, फक्त एवढ्यासाठी. “मी त्याला माझ्या डोक्यात कुठून गोरा केला ते शोधत होतो,” तो म्हणाला. “पुस्तकाने केलं नव्हतं.”

16 मार्च

एक वाट सोडून दिली. बऱ्याच वाचकांनी जो हाल्डमनच्या ‘द फॉरएव्हर वॉर’शी तुलना केली होती: व्हिएतनाममध्ये जखमी झालेल्या माणसाने 1974 साली लिहिलेली कादंबरी, जिच्याकडे हाइनलाइनला दिलेलं उत्तर म्हणून पाहिलं जातं. मला वाटलं दोन्हींची मतं समोरासमोर लावावीत. नऊ तास घातल्यावर दिसलं की तुलना करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी दुसरं पुस्तक वाचलेलं नाही, त्याबद्दल ऐकलंय. जानेवारीतल्या चित्रपटाचीच गोष्ट पुन्हा. तो भाग काढला. ते स्वतंत्र काम आहे आणि त्याला स्वतंत्र चिठ्ठ्या लागतील.

22 मार्च

एका वाचकाने आपली मतं परत मागितली. त्यात आपल्या नोकरीचा उल्लेख आहे आणि ओळखीच्यांना कळेल, असं म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. छापायची परवानगी मी सुरुवातीला तोंडी घेतली होती, आणि तीही ‘चालेल ना?’ एवढीच. चार तास बसून त्यांचं सगळं बाहेर काढलं आणि इतरांच्या नोंदींतून ओळख पटेल असे तपशील गाळले. मग उरलेल्या 17 जणांना प्रत्येकाचा मजकूर पाठवून लेखी होकार घेतला. काकांनी फक्त एक शब्द बदलला: ‘झोप आली नाही’च्या जागी ‘झोप लागली नाही’. मी चुकीचं उतरवलं होतं.

30 मार्च

पुस्तिका 52 पानांची झाली. आठवडे सहा धरले होते, बारा लागले. तास 40 धरले होते, 118 झाले. त्यातले निदान 30 चुका निस्तरण्यात गेले: फॉर्म, पानांचे आकडे, रेकॉर्डिंग, लेखकाचं ते विधान.

काल दोघी मैत्रिणी घरी आल्या. मी पुस्तिका दिली नाही, दोघींच्या प्रती चिठ्ठ्यांसकट एकमेकींच्या हातात दिल्या. फॅसिझम म्हणणारीच्या प्रतीत तिसरी चिठ्ठी अगदी शेवटच्या प्रकरणात होती. तिथे रिको अधिकारी झालाय आणि त्याच्या हाताखालचा सार्जंट म्हणजे त्याचे वडील. मुलाने फौजेत जाऊ नये म्हणून ज्यांनी कडाडून विरोध केला होता, तेच. चिठ्ठी कोरी होती. दुसरीने ती बघितली, मग आपली प्रत उघडून दाखवली. तिचीही तिसरी चिठ्ठी त्याच पानावर होती आणि तीही कोरीच.

“तू इथे का थांबलीस?” एकीने विचारलं.

“तू आधी सांग,” दुसरी म्हणाली. मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तेव्हा त्या वडिलांबद्दल बोलत होत्या, आणि मी मोबाइल काढला नाही.